जुन्या फेंडर अँपमधला हम : व्हॉल्व्ह बदलूनही परत येतो तेव्हा

साठ-सत्तरच्या दशकातला फेंडर या अमेरिकन कंपनीचा व्हॉल्व्हवर (काचेच्या नळ्यांवर) चालणारा गिटार अँप दुरुस्तीला आला की दहातल्या सात-आठ वेळा तक्रार एकच असते : हम, म्हणजे काही न वाजवताही स्पीकरमधून येणारी सततची गुणगुण. 'दादा, हम येतोय. व्हॉल्व्ह बदलले, चार दिवस बरा होता, आता पुन्हा तेच.' डिलक्स रिव्हर्ब असो, प्रिन्स्टन रिव्हर्ब असो की ट्विन रिव्हर्ब, गोष्ट फारशी बदलत नाही. आणि बहुतेक वेळा अँप माझ्यापर्यंत येईतो त्यातले निम्मे मूळ पार्ट कुणीतरी उपटून टाकलेले असतात, हम मात्र जागच्या जागी असतो.

म्हणून माझा आग्रह आधीच सांगतो. जुन्या अँपमधला कुठलाही पार्ट तोच दोषी आहे हे कळल्याशिवाय काढू नका. अपवाद फक्त इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा. तो वापरून संपणारा पार्ट आहे, गाडीच्या टायरसारखा. बाकी ट्रान्सफॉर्मर, पॉट (नॉबमागचे फिरते रेझिस्टर), निळे मोल्डेड कपॅसिटर, स्पीकर हे सगळं शक्य तितकं मूळचंच राहू द्यायचं.

खालचा क्रम फुकटच्या तपासण्यांपासून सुरू होतो आणि हळूहळू अवघड होत जातो. मधे एक रेघ आहे, ती कुठे ओढायची तेही सांगतो.

आधी लक्षणं

अँप चालू करा, दोन मिनिटं तापू द्या आणि नुसतं ऐका. हमचा सूर ओळखता आला तर निम्मं निदान तिथेच होतं.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. एसीची डीसी करणारा रेक्टिफायर लहरीच्या दोन्ही बाजू वापरतो, म्हणून त्यातून निघालेल्या डीसीवर उरणारी लहर दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झची असते. थेट मेन्समधून किंवा हीटरच्या (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेच्या) एसीतून शिरलेला हम ५० चा, आणि मुख्य पॉवर सप्लायच्या फिल्टरिंगमधून निसटलेला १०० चा. अमेरिकन पुस्तकांत हेच आकडे ६० आणि १२० असे असतात, वाचताना गोंधळू नका.

ओळखायचं कसं? गिटार सुरात लावा आणि सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट वाजवा. तो सूर ९८ हर्ट्झचा. हम त्याच्याशी जवळजवळ जुळला तर तो १०० चा. त्याच्या एक सप्तक खाली असेल, नुसता खोल 'हूंऽऽ' असा, तर ५० चा. कानाने ठरत नसेल तर फोनवरचा एखादा ट्यूनर किंवा स्पेक्ट्रम दाखवणारं अॅप स्पीकरसमोर धरा.

यांशिवाय ऐकू येणारे आवाज :

– तीक्ष्ण, मधमाशीसारखी भणभण, जी गिटार हातात घेऊन फिरलं की कमी-जास्त होते.
– हमसोबत आवाज बसलेला, दम नसलेला, जोरात वाजवलं की सुराखाली दुसराच भुताटकीसारखा सूर.
– हम वाढत जातो आणि एखाद्या पॉवर व्हॉल्व्हची आतली राखाडी प्लेट लाल होऊ लागते. हे दिसलं की पुढचं वाचू नका, आधी अँप बंद करा.
– फटफट, तडतड, तव्यावर पाणी पडल्यासारखी चरचर. हा हम नाही. याचं मूळ बहुधा १०० किलोओहमचे प्लेट रेझिस्टर किंवा मळलेली सॉकेटं असतात.
– अँप स्टँडबायवर (हीटर चालू, हाय व्होल्टेज बंद) ठेवला तरी आवाज येतोच. स्टँडबायवर स्पीकरमधून काहीच यायला नको. तेव्हा ऐकू येणारी घरघर स्पीकरची नसून पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांची असते.

गिटार काढून बघा

केबल अँपच्या इनपुटमधून पूर्ण काढा. फेंडरचे इनपुट जॅक असे आहेत की काही घातलेलं नसताना इनपुट आपोआप ग्राउंड होतो. केबल काढल्यावर हम गेला तर अँप निर्दोष आहे. दोष केबलमध्ये, गिटारच्या शील्डिंगमध्ये किंवा खोलीत. सिंगल कॉइल पिकअप पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरचा, डिमरचा, स्वस्त एलईडी दिव्यांच्या आणि मोबाइल चार्जरच्या सप्लायचा आवाज उचलतात. एकेक बंद करून बघा. गिटार घेऊन अँपसमोरून जरा बाजूला वळा. ट्रान्सफॉर्मरच्या समोर उभं राहून सिंगल कॉइल वाजवलं तर हम येणारच.

तारांना हात लावला की भणभण कमी होते, हे सर्वसाधारण आहे. तारांना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर मात्र तिथेच थांबायचं, आणि पुढचा भाग नीट वाचायचा.

प्लग, अर्थिंग आणि स्टेप-डाउनचा डबा

अमेरिकेत विकलेल्या जुन्या फेंडरवर ११७ व्होल्ट लिहिलेलं असतं. आपल्याकडे तो २३० वरून ११० करणाऱ्या डब्यावर चालवला जातो. बाजारात मिळणारे बरेचसे डबे ऑटोट्रान्सफॉर्मर असतात. ते व्होल्टेज उतरवतात, पण मेन्सपासून वेगळं करत नाहीत. त्यातही पुष्कळांच्या आउटपुटला दोनच भोकं असतात, अर्थ पुढे जातच नाही. मग अँपची चॅसी (आतली पत्र्याची पेटी) अर्थशिवाय राहते, हम वाढतो, आणि मायक्रोफोनला ओठ लागला की चटका बसतो.

त्यात साठच्या दशकातल्या बऱ्याच फेंडरची मूळ वायर दोन-पिनी असते, आणि मागच्या ग्राउंड स्विचजवळ मेन्सच्या एका तारेतून थेट चॅसीवर एक ०.०४७ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लावलेला असतो. तो शॉर्ट झाला तर चॅसी, गिटारच्या तारा आणि वाजवणारा माणूस थेट मेन्सवर येतो. अमेरिकेत त्याला 'डेथ कॅप' म्हणतात ते उगाच नाही. मूळपणाचा माझा सगळा आग्रह इथे संपतो. हा कपॅसिटर निघालाच पाहिजे आणि तीन-पिनी वायर लागलीच पाहिजे. काढलेली वायर आणि कपॅसिटर पाकिटात घालून कॅबिनेटमध्ये ठेवा, अँपची किंमत तेवढ्याने घटत नाही.

तुमच्याकडून करायची तपासणी सोपी आहे. घरातल्या सॉकेटला अर्थ खरोखर आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. डब्याच्या आउटपुटपर्यंत अर्थ पोहोचतो का, हे डबा भिंतीपासून काढून मल्टिमीटरच्या कंटिन्युइटीवर बघता येतं. आणि डब्यातून निघणारं व्होल्टेज मोजा. भिंतीत २५० असेल तर ११५ चा म्हणून घेतलेला डबा १२५ देतो. त्याने ६.३ व्होल्टचे हीटर ६.७ च्या आसपास जातात. अजून सहन होण्याजोगं आहे, पण त्यापुढे व्हॉल्व्हचं आयुष्य घटतं आणि फिल्टर कपॅसिटरवरचा (डीसीवरची लहर गाळणाऱ्या कपॅसिटरवरचा) ताण वाढतो.

नॉब फिरवा

फुकटची तपासणी, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त माहिती देणारी. दोन्ही चॅनलचे व्हॉल्यूम शून्यावर आणा, रिव्हर्ब आणि ट्रेमोलोची इंटेन्सिटीही शून्यावर.

एका चॅनलचा व्हॉल्यूम वाढवला की हम वाढतो, तर दोष त्या नॉबच्या आधी आहे : त्या चॅनलचा पहिला व्हॉल्व्ह, त्याचं सॉकेट किंवा इनपुट जॅक. रिव्हर्बचा नॉब वाढवला की वाढतो, तर रिव्हर्बची टाकी (घुमारा देणारी स्प्रिंगांची पेटी), तिच्या वायरी किंवा रिकव्हरीचा, म्हणजे टाकीतून परतलेला सिग्नल वाढवणारा, व्हॉल्व्ह. सगळे नॉब शून्यावर असूनही हम तितकाच, तर तो व्हॉल्यूमच्या पुढे कुठेतरी शिरतोय, आणि तिथे संशय फिल्टर कपॅसिटर, बायस सप्लाय (पॉवर व्हॉल्व्हचा करंट आवरणारं उणे व्होल्टेज देणारा भाग) आणि पॉवर व्हॉल्व्ह यांच्यावर.

रिव्हर्बच्या वायरी

कॅबिनेटच्या तळाशी रेक्झिनच्या पिशवीत रिव्हर्बची टाकी असते. तिच्यापासून चॅसीपर्यंत दोन आरसीए वायरी जातात. टाकीच्या आउटपुटचा सिग्नल फार बारीक असतो, त्यामुळे त्या वायरीची शील्ड प्लगच्या गळ्याशी तुटली की जोरदार हम येतो. प्लग हलवून बघा. काढून, पुसून, पुन्हा घट्ट बसवा. साधी चांगली आरसीए वायर लावून बघितली तरी चालते, खर्च अगदी थोडा. टाकी कुणी उलटी ठेवली असेल तर तिचं आउटपुटचं टोक पॉवर ट्रान्सफॉर्मरजवळ येतं आणि त्याचं चुंबकीय क्षेत्र उचलतं. आउटपुटचं टोक ट्रान्सफॉर्मरपासून लांब हवं.

सिल्व्हरफेसवाल्यांसाठी

१९६८ च्या आसपासपासून काळ्या पॅनलऐवजी (ब्लॅकफेस) चंदेरी पॅनल (सिल्व्हरफेस) आलं. यातल्या बऱ्याच मॉडेलांच्या मागच्या बाजूला 'हम बॅलन्स' लिहिलेला एक स्क्रूसारखा पॉट असतो. व्हॉल्यूम थोडा वाढवा, स्क्रूड्रायव्हरने तो हळूहळू फिरवा, हम सगळ्यांत कमी होईल तिथे सोडा. हा पॉट हीटरच्या एसीचा मध्यबिंदू सरकवतो, म्हणून ५० हर्ट्झचा हमच त्याने कमी होतो. १०० च्या हमवर त्याचा काही उपयोग नाही. कितीही फिरवून फरकच पडत नसेल तर तो पॉट आतून जळलेला असू शकतो, आणि तशी उदाहरणं कमी नाहीत.

व्हॉल्व्ह

लोक इथून सुरुवात करतात, म्हणून पैसे वाया जातात. मी इथे सहाव्या पायरीवर येतो.

ब्लॅकफेस डिलक्स रिव्हर्बला मागून बघितलं तर डावीकडे रेक्टिफायर जीझेड३४, मग दोन ६व्ही६, मग सहा छोटे व्हॉल्व्ह. पॉवर व्हॉल्व्हच्या लगतचा छोटा म्हणजे फेज इन्व्हर्टर (दोन पॉवर व्हॉल्व्हना एकमेकांच्या उलट सिग्नल देणारा), १२एटी७. अगदी उजवीकडचा म्हणजे नॉर्मल चॅनलचा पहिला, १२एएक्स७. कॅबिनेटच्या आत चिकटवलेल्या कागदावरही हा क्रम छापलेला असतो. तो कागद जपा.

दरवेळी अँप बंद करा, व्हॉल्व्ह गार होऊ द्या, सरळ खाली ओढून काढा (ते चॅसीला उलटे लटकलेले असतात). आधी फेज इन्व्हर्टर काढून अँप चालू करा. तरीही हम तसाच असेल तर सगळे छोटे व्हॉल्व्ह सुटले, दोष पॉवर विभागात. हम गेला तर फेज इन्व्हर्टर परत बसवून त्याआधीचे एकेक काढत उजवीकडे जा. ज्या शेवटच्या व्हॉल्व्हला काढल्यावर हम जातो, त्याच्या जागी त्याच नंबरचा खात्रीचा दुसरा घालून बघा. नव्याने हम गेला तर जुन्या व्हॉल्व्हमध्ये हीटर आणि कॅथोडमध्ये गळती आहे. नवा घालूनही हम तसाच, तर व्हॉल्व्हचा दोष नाही, त्याच्या सॉकेटभोवतीचा आहे. नवा व्हॉल्व्ह परत करा.

चाचणीसाठी महागडा व्हॉल्व्ह लागत नाही. ईसीसी८३ म्हणजेच १२एएक्स७. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एके काळी बनवलेले व्हॉल्व्ह जुन्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांच्या कपाटात अजून सापडतात, आणि चांगला निघाला तर तो कामाला कुठेच कमी पडत नाही. आरसीए किंवा टुंगसोल कंपनीचे मूळ व्हॉल्व्ह अँपमध्ये असतील तर फक्त जुने आहेत म्हणून ते काढू नका. मी काढलेल्यांपैकी कितीतरी टेस्टरवर ठणठणीत निघाले आहेत.

पॉवर व्हॉल्व्हची गोष्ट वेगळी. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दोन बाजूंनी सारखा करंट वाहतो तेव्हा सप्लायवरची १०० हर्ट्झची लहर दोन्हीकडून येऊन एकमेकींना मारते. एक व्हॉल्व्ह थकला आणि त्याची बाजू कमी ओढायला लागली की हे रद्द होणं बंद पडतं. म्हणून जोडीतला एकच बदलल्यावर हम वाढलेला दिसतो. ६व्ही६ घ्यायचे ते जुळवलेली जोडी घ्या, आणि बदलल्यावर बायस तपासून घ्या.

स्पीकर काढून अँप कधीही चालवू नका. हम कुठून येतोय ते बघायला म्हणूनही नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळाला तर मूळचा परत मिळत नाही.

जॅकचे नट आणि गंज

इनपुट जॅकचा नट सैल झाला की ग्राउंड सुटतो. पाना घेऊन घट्ट करा, आतली वायर पिळली जाणार नाही एवढं बघून. ब्लॅकफेसमध्ये पॉटच्या मागे एक पितळी पट्टी असते, बऱ्याच भागांचं ग्राउंड तिच्यावरून जातं. मुंबई, कोकण, गोव्यातल्या हवेत साठ वर्षं काढलेल्या अँपमध्ये ही पट्टी हिरवट पडलेली आणि नटाखाली गंज चढलेला असतो. नुसते नट एकदा सैल करून पुन्हा आवळले तरी गंज खरवडला जातो आणि हम उतरतो. व्हॉल्व्हच्या सॉकेटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारायचा तर पिनांवर थोडा मारून व्हॉल्व्ह तीन-चार वेळा घाला-काढा. सॉकेट भिजवू नका.

इथे रेघ

यापुढे चॅसी उघडावी लागते. डिलक्स रिव्हर्बच्या मूळ स्किमॅटिकवर (सर्किटच्या नकाशावर) पॉवर व्हॉल्व्हच्या प्लेटवर ४१५ व्होल्ट लिहिलेले आहेत. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते साठून राहतात, कधी कधी बराच वेळ. घरच्या २३० व्होल्टचा शॉक खाल्ला होता, काही झालं नाही, असं म्हणणाऱ्यांनीही हे हलकं घेऊ नये. हा डीसी आहे, आणि व्होल्टेजही बरंच जास्त.

ज्यांनी हाय व्होल्टेजवर कधी काम केलेलं नाही, ज्यांच्याकडे ६०० व्होल्टला खात्रीने चालणारा मल्टिमीटर नाही, किंवा ज्यांना स्किमॅटिक वाचता येत नाही, त्यांनी इथे थांबून अँप जाणकाराकडे न्यावा. वरच्या तपासण्यांचे निष्कर्ष कागदावर लिहून सोबत द्या, त्याचे दोन तास वाचतील.

जे पुढे जाणार आहेत त्यांच्यासाठी : प्लग काढा, १० किलोओहम ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड वायरींना सोल्डर करून ठेवा, एक टोक चॅसीवर, दुसरं प्रत्येक फिल्टर कपॅसिटरच्या प्लसवर दहा-पंधरा सेकंद धरा, आणि मग मीटरने मोजून खात्री करा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका, ठिणगीने कपॅसिटर आणि बोर्ड दोन्ही खराब होतात.

फिल्टर कपॅसिटर

१०० हर्ट्झचा हम, नॉबने न बदलणारा, आवाजात दम नाही : सरळ इकडेच या. चॅसीच्या ज्या बाजूला व्हॉल्व्ह आहेत त्याच बाजूला एक पत्र्याचं झाकण असतं. त्याचे स्क्रू काढले की आत पुठ्ठ्याच्या नळीतले जाड कपॅसिटर ओळीने पडलेले दिसतात. मूळचे असतील तर त्यांचं टोक बघा. रबराची टोपी फुगलेली, तिच्या मधोमध छोटा फोड आणि त्यातून पांढरट, मिठासारखा थर बाहेर आलेला. पुठ्ठ्यावर तेलकट तपकिरी डाग. असा एक दिसला तरी सगळा संच बदलायचा. एकच बदलला की बाकीचे सहा महिन्यांत मागोमाग येतात.

बाहेरून स्वच्छ दिसले तरी पन्नास-साठ वर्षांचे इलेक्ट्रोलिटिक मी ठेवत नाही. आतलं द्रव आटतं, कपॅसिटन्स उतरतं, गळती वाढते. आणि एक शॉर्ट झाला तर तो आपल्यासोबत रेक्टिफायर आणि कधी पॉवर ट्रान्सफॉर्मरही घेऊन जातो. चारशे रुपयांच्या पार्टसाठी मूळचा ट्रान्सफॉर्मर पणाला लावण्यात अर्थ नाही.

डिलक्स रिव्हर्बला मूळचे १६ मायक्रोफॅरॅड ४५० व्होल्टचे आहेत. त्या जागी २२ मायक्रोफॅरॅड ५०० व्होल्टचे घाला. आपल्याकडचं व्होल्टेज वर चढतं, त्यामुळे ५०० चे हवेतच. फिल्टरिंग वाढवायचं म्हणून १०० मायक्रोफॅरॅड टाकणारे भेटतात. व्हॉल्व्ह रेक्टिफायरला ते झेपत नाही : जीझेड३४ च्या पहिल्या कपॅसिटरची मर्यादा ६० मायक्रोफॅरॅड आहे, ५यू४जीबीची ४०. शिवाय जोरात वाजवल्यावर जुना अँप जो किंचित दबतो आणि मग उसळतो, ते जातं. दोन्ही बाजूंना तार असलेले अॅक्सिअल कपॅसिटर लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत क्वचितच मिळतात, बाहेरून मागवावे लागतात. खालून दोन्ही पाय असलेले चालतात, पण पाय वाकवून, नळी चढवून, कपॅसिटर सिलिकॉनने बोर्डाला पक्का करा. अँप टेम्पोतून फिरतो, लटकता पार्ट तुटतोच.

आणि ग्राउंडचे टाके तपासा. इथल्या वायरी चॅसीला थेट सोल्डर केलेल्या असतात. चॅसीचा पत्रा उष्णता ओढून घेतो, त्यामुळे आधीच्या कुणी कमी वॉटच्या आयर्नने मारलेला टाका वरून चकचकीत आणि खाली सुटा असतो. नव्या कपॅसिटरनंतरही हम राहिला, तर मी आधी हा टाका पुन्हा मारतो. ८० वॉटच्या खालच्या आयर्नने याच्या वाटेला जाऊ नका.

बायसचा कपॅसिटर : हम परत येण्याचं सगळ्यांत मोठं कारण

गोव्याहून आलेल्या एका डिलक्स रिव्हर्बमध्ये झाकणाखालचे सगळे कपॅसिटर नवे कोरे होते, काम नीटनेटकं होतं, सहाही छोटे व्हॉल्व्ह नवे होते. तरी हम, आणि तासाभराने एक ६व्ही६ लाल. चॅसी उलटी केली. पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या बाजूच्या वेगळ्या छोट्या पट्टीवर २५ मायक्रोफॅरॅड ५० व्होल्टचा मूळचा बारका कपॅसिटर तसाच होता, टोकाला फुटलेला. झाकणाखाली नाही, म्हणून कुणाच्या नजरेत आलेला नव्हता. हे मी इतक्या अँपमध्ये पाहिलंय की आता झाकण उघडण्याआधी तीच पट्टी बघतो.

कारण सोपं आहे. पॉवर व्हॉल्व्हच्या ग्रिडवर (आतल्या जाळीवर) उणे व्होल्टेज असतं, यालाच बायस म्हणतात, डिलक्स रिव्हर्बमध्ये साधारण उणे ३५. तेच त्यांचा करंट आवरून धरतं. त्याचा फिल्टर आटला की त्यावर लहर चढते (एकच डायोड असल्याने ती ५० हर्ट्झची असते) आणि ती थेट ग्रिडवर जाते, म्हणजे हम. आणि व्होल्टेज उण्याकडून शून्याकडे सरकलं की व्हॉल्व्ह बेफाम करंट ओढतो, म्हणजे लाल प्लेट.

बदलताना ५० ते १०० मायक्रोफॅरॅड, १०० व्होल्टचा घाला. आणि दिशा पुन्हा पुन्हा तपासा : बायस उणे आहे, म्हणून या कपॅसिटरचा प्लस चॅसीकडे जातो, मायनस सर्किटकडे. सवयीने उलटा लावला तर काही मिनिटांत फुटतो. पट्टीवरचा डायोडही मीटरने तपासून घ्या, पन्नास वर्षांपूर्वीचा असेल तर त्याच वेळी बदला. मग पॉवर व्हॉल्व्ह काढून ठेवून अँप चालू करा आणि त्यांच्या ग्रिडच्या पिनवर, म्हणजे ५ नंबरच्या पिनवर, उणे व्होल्टेज येतंय ना ते मोजा. आल्यावरच व्हॉल्व्ह बसवा.

बऱ्याच सिल्व्हरफेसमध्ये आतला बायसचा पॉट बायस कमी-जास्त करत नाही, दोन बाजूंचा समतोल साधतो. तो हम कमीत कमी होईल अशा जागी ठेवायचा.

हीटरचे रेझिस्टर

हम ५० चा असेल आणि व्हॉल्व्ह बदलून गेला नसेल, तर हे बघा. अनेक मॉडेलांत हीटरच्या दोन तारांपासून ग्राउंडला १०० ओहमचे दोन छोटे रेझिस्टर असतात. पॉवर व्हॉल्व्ह कधी शॉर्ट झाला असेल तर यातला एक जळून ओपन होतो. मग हीटरचं एसी एका बाजूला झुकतं आणि सगळ्या छोट्या व्हॉल्व्हमध्ये एकदम शिरतं. दोन्ही मोजा, अर्ध्या वॉटचे नवे घाला. खर्च नगण्य. हीटरच्या पिळलेल्या वायरी मात्र सरळ करू नका, उचलून दुसरीकडे बसवू नका. त्यांचा पीळ आणि जागा हम कमी राहावा म्हणूनच तशी आहे.

जाणकाराकडेच द्यायच्या गोष्टी

पॉवर व्हॉल्व्ह काढल्यावरही ग्रिडवरचं उणे व्होल्टेज शून्याकडे किंवा अधिककडे सरकत असेल तर कपलिंग कपॅसिटर (एका व्हॉल्व्हकडून पुढच्याकडे सिग्नल नेणारा) गळतोय. ब्लॅकफेसमधले निळे मोल्डेड कपॅसिटर फार क्वचित गळतात. पन्नासच्या दशकातल्या ट्वीड (कापडी आवरणाच्या) फेंडरमधले पिवळे अॅस्ट्रॉन मात्र पुष्कळदा. तरीही जो गळतो तोच बदलायचा. कुणी 'सगळेच बदलून टाकू' म्हणालं तर कारण विचारा.

काळा फायबरचा बोर्ड पावसाळ्यात ओलावा धरतो. मग बोर्डाच्या कोऱ्या जागेवरही डीसी व्होल्ट मोजता येतात आणि हमसोबत तडतड येते. जून ते सप्टेंबर आवाज आणि डिसेंबरमध्ये शांत, असा अँप असेल तर हा संशय आधी घ्या. सौम्य उष्णतेने वाळवणं, गळती होणारी जोडणी बोर्डावरून उचलून घेणं, हे नाजूक काम आहे.

ट्रान्सफॉर्मरची घरघर दोन प्रकारची. चॅसीचे बोल्ट सैल असतील तर आवळून जाते. पण ६० हर्ट्झसाठी बनवलेला कोअर ५० वर चालवला की तो जास्त तापतो आणि थोडा जास्त गुणगुणतो, त्यावर इलाज मर्यादित आहे. हात ठेववत नाही इतका गरम, डांबरासारखा वास किंवा मेण गळणं, फ्यूज दोनदा उडणं : अँप बंद, प्लग बाहेर, जाणकाराकडे. पॅनलवर छापलेल्यापेक्षा मोठा फ्यूज किंवा सिगारेटच्या चांदीची गुंडाळी लावून चालवू नका.

देताना सांगा : काढलेला प्रत्येक पार्ट परत द्या, ट्रान्सफॉर्मर आणि पॉट विचारल्याशिवाय बदलू नका, उघडल्यावर फोटो काढा. ट्रान्सफॉर्मरवर ६०६ ने सुरू होणारा आकडा म्हणजे शुमाकर, पॉटवर १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल, स्पीकरवर २२० म्हणजे जेन्सन आणि ४६५ म्हणजे ऑक्सफर्ड. पुढचे आकडे वर्ष आणि आठवडा सांगतात : पॉटवरचा १३७६५३३ म्हणजे सीटीएसने १९६५ च्या ३३ व्या आठवड्यात बनवलेला. हे आकडे अँप देण्याआधी लिहून ठेवा.

दुरुस्तीनंतर पहिल्यांदा चालू करताना

सिरीज बोर्ड (ज्यात अँपचा करंट एका बल्बमधून जातो) वापरा. १०० वॉटचा फिलामेंटचा बल्ब हवा, एलईडी चालत नाही. बोर्ड स्टेप-डाउनच्या आधी, २३० च्या बाजूला. चालू केल्यावर बल्ब भपकन पेटून मंद झाला तर ठीक. पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद. बल्ब मंद राहिला तर सिरीज काढून थेट द्या, आणि पहिला अर्धा तास खोलीतले दिवे मालवून पॉवर व्हॉल्व्हच्या प्लेटवर नजर ठेवा.

सगळं नीट असलेल्या अँपमध्येही थोडा हम आणि थोडी हिस राहते. व्हॉल्यूम शून्यावर असताना स्पीकरला कान लावून ऐकू येत असेल आणि दोन पावलं मागे गेल्यावर हरवत असेल, तर तो अँप बरा झालेला आहे. त्याच्या मागे लागून अजून पार्ट काढू नका.